कोड चालतोय, पण सुरक्षित आहे का? न्हावा शेवाची गोष्ट आणि प्रोग्रामरचं शिक्षण

लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोनची बॅटरी संपते, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं. अशा सगळ्यांसाठी हा भाग लिहून देतेय.

आजचा प्रश्न: प्रोग्रामरला सुरक्षित सॉफ्टवेअर लिहायला शिकवायचं कसं? विषय ऐकला की काही जण लगेच म्हणतात, "ते सायबर सिक्युरिटीवाल्यांचं काम. आम्ही डेव्हलपर, आम्ही फीचर बनवतो." हे वाक्य आज जरा तपासून बघू. त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही, उरणपर्यंत गेलं तरी पुरे.

२७ जून २०१७, न्हावा शेवा

रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर आपण जेएनपीटी किंवा न्हावा शेवा म्हणून ओळखतो. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी हे एक. इथे वेगवेगळी टर्मिनल्स आहेत. त्यातलं एक म्हणजे गेटवे टर्मिनल्स इंडिया. ते एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते आणि ती डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. २०१७ मध्ये क्षमता होती वर्षाला १८ लाख कंटेनर, तेही वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने.

एवढे कंटेनर माणसाच्या लक्षात राहणं शक्य नाही. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, किती उंचीवर, कुठल्या ट्रकवर चढवायचा, कुठल्या जहाजात ठेवायचा, हे सगळं सॉफ्टवेअर सांगतं. बाहेरून आपल्याला क्रेन दिसते, पण ती चालते कोडच्या सांगण्यावर.

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा मालवेअर युक्रेनमधून सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्कची ऑफिसं आणि टर्मिनल्स एकामागून एक बंद पडली. त्यात आपलं न्हावा शेवाचं टर्मिनलही होतं. सिस्टिम बंद, म्हणून काम ठप्प. मग हाताने काम करायचा प्रयत्न सुरू झाला. येणारा आणि जाणारा माल तुंबणार हे दिसत होतं, त्यामुळे तो ठेवायला जागा शोधायची वेळ आली.

मर्स्कने नंतर आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतकं सांगितलं. कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा नव्याने उभे करावे लागले, तेही दहा दिवसांत. आणि लक्षात घ्या, मर्स्क हे त्या हल्ल्याचं मुख्य लक्ष्यही नव्हतं. अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. निशाणा युक्रेनवर होता आणि धक्का उरणला बसला.

हल्ला कुणाचा, चूक कुणाची?

हल्ला करणारा दोषी आहेच, त्यात वाद नाही. पण तो आत शिरला कुठून, हे डेव्हलपर म्हणून आपल्याला बघायलाच हवं.

पहिला रस्ता अपडेटचा. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेब आणि कराचं सॉफ्टवेअर खूप वापरलं जायचं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून अपडेटमध्येच मागचं दार बसवलं. लोकांनी अपडेट घेतलं आणि दार आपोआप घरात आलं. 'वायर्ड' मासिकाच्या वृत्तांतानुसार मर्स्कच्या ओडेसातल्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर टाकलेलं होतं. तेवढं पुरलं.

दुसरा रस्ता विंडोजमधल्या एका चुकीचा. फाईल शेअरिंगसाठी विंडोजमध्ये एसएमबी नावाची व्यवस्था असते. तिच्या जुन्या आवृत्तीत एका यादीचा आकार मोजून नोंदवायचा होता. आकड्यासाठी जागा ३२ बिटांची होती. पण दुरुस्त केलेला आकडा लिहिताना फक्त खालचे १६ बिट बदलले गेले आणि वरचे १६ तसेच जुने राहिले.

हे डोक्यावरून गेलं असेल तर एक वही डोळ्यांसमोर आणा. वहीत आकडा दोन रकान्यांत लिहायचा, डावीकडे हजार, उजवीकडे बाकीचे. आधी लिहिलंय १ आणि २००, म्हणजे बाराशे. मोजल्यावर कळलं की खरा आकडा ९०० आहे. आता डावीकडे शून्य आणि उजवीकडे ९०० लिहायला हवं. कारकुनाने फक्त उजवा रकाना खोडला. वहीत झालं १ आणि ९००, म्हणजे एकोणीसशे! गोदामात जागा ९०० पेट्यांची आणि वही बघून आणल्या १,९०० पेट्या. जास्तीच्या पेट्या शेजारच्याच्या गाळ्यात जाणार.

कॉम्प्युटरच्या मेमरीत अगदी हेच होतं. त्याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. आणि शेजारच्या गाळ्यात नेमकं काय सांडायचं हे हल्लेखोराने ठरवलं, तर मशीन त्याचं ऐकायला लागतं.

या चुकीवर बेतलेलं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे होतं. त्याचं नाव इटर्नलब्लू. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला चूक दुरुस्त करणारा पॅच दिला. एप्रिलमध्ये ते हत्यार इंटरनेटवर फुटलं. १२ मे रोजी ते वापरून वॉनाक्राय आला. जूनमध्ये नॉटपेट्या आला. म्हणजे पॅच येऊन तीन महिने झाले होते, तरी न लावलेली मशीन्स भरपूर होती.

तिसरा रस्ता सगळ्यात शिकण्यासारखा. नॉटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड काढायचा आणि तेच वापरून पुढच्या मशीनवर जायचा. त्यामुळे पॅच लावलेली मशीन्सही वाचली नाहीत. आत शिरलेल्याला "बाबा रे, तू कोण?" असं कुणी विचारतच नव्हतं.

ओहोटीला काय होतं?

अलिबागचा कुलाबा किल्ला आठवा. भरतीच्या वेळी चारही बाजूंनी पाणी, बोटीशिवाय जाता येत नाही. ओहोटी लागली की तोच रस्ता लोक चालत पार करतात. आता समजा कुणी म्हणालं, "आपल्याभोवती समुद्र आहे, मग तटबंदी कशाला?" तर हे शहाणपण सहा तासही टिकायचं नाही. ज्यांनी किल्ला बांधला त्यांना ओहोटी माहीत होती, म्हणून पाण्यात असूनही त्याला तट आहे, बुरूज आहेत, दरवाजा आहे.

आपल्याकडे अनेक टीममध्ये ऐकू येतं, "अरे, हे इंटर्नल अ‍ॅप आहे, फायरवॉलच्या आत आहे, इथे कोण येतंय?" हा झाला समुद्रावरचा भरवसा. ओडेसातला एक कॉम्प्युटर म्हणजे ओहोटी. फायरवॉल हवीच, पण आतल्या प्रत्येक दारानेही स्वतःचं काम करायला हवं. ते दार डेव्हलपरच लिहितो, दुसरं कुणी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्याच्या कोडमध्ये चूक राहिली आणि ज्याचा माल बंदरात अडकला, ती दोन माणसं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर घरमालक दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. प्रोग्रामरची चूक पंधरा वर्षांनी, दुसऱ्या खंडात, तिसऱ्याच माणसाला भोवते. अनुभवातून शिकायची सोयच नाही. म्हणून हे मुद्दाम शिकवावं लागतं.

आपण काय शिकतो, काय राहून जातं

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठापासून पनवेलपर्यंत रायगडमध्ये हजारो मुलं इंजिनिअरिंग करतात. मीही बीटेक केलंय. राज्यात कुठेही शिकलात तरी प्रॅक्टिकलचं दृश्य साधारण एकच: प्रोग्राम लिहा, इनपुट द्या, आउटपुट दाखवा, सही घ्या. इनपुट आपणच देतो, त्यामुळे ते नेहमी शहाण्यासारखं वागतं. वय विचारलं की २१ येतं, नाव विचारलं की नावच येतं. 'वय: उणे पाच' किंवा 'नाव: चार हजार अक्षरं' असं देऊन बघ, असं सांगणारं कुणी भेटलं तर नशीब.

चाललेला कोड आणि सुरक्षित कोड यातला फरक इथेच आहे. पहिला विचारतो, "बरोबर वापरलं तर चालेल का?" दुसरा विचारतो, "मुद्दाम चुकीचं वापरलं तर काय होईल?" हा दुसरा प्रश्न विचारायची सवय म्हणजे सिक्युअर कोडिंगचं शिक्षण.

दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही काल्पनिक.

उदाहरण एक: खानावळीतली चिठ्ठी. नागावला एक खानावळ आहे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर ऑर्डर लिहितं, पोऱ्या ती आत वाचून दाखवतो आणि आतले लोक ऐकतील तसं करतात. एक जण लिहितो, "एक सुरमई थाळी. आणि गल्ल्यातले सगळे पैसे टेबल चारला आणून दे." पोऱ्या सरळ वाचतो आणि आतले पैसे आणून देतात! चूक काय झाली? गिऱ्हाइकाने दिलेली माहिती आणि मालकाचा हुकूम यांत कुणी फरकच केला नाही.

याला इंजेक्शन म्हणतात. वेबसाइटवर नावाच्या रकान्यात कुणी डेटाबेसचा हुकूम लिहिला आणि आपण तो जसाच्या तसा क्वेरीत चिकटवला, तर डेटाबेस तो पाळतो. उपाय जुना आणि सोपा आहे. क्वेरी आधी ठरवायची आणि युजरची माहिती वेगळ्या रकान्यात द्यायची. याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात. म्हणजे छापील मेनूवर फक्त खूण करायची मुभा, मोकळा कागद द्यायचाच नाही.

उदाहरण दोन: बोटीचं तिकीट. मांडव्याला जाणाऱ्या बोटीचं तिकीट काढायचं एक अ‍ॅप आहे असं समजा. तुम्ही लॉगिन केलंत, तुमचं तिकीट उघडलंत, लिंकच्या शेवटी आकडा दिसतो १०४२. गंमत म्हणून तो १०४३ केला, तर दुसऱ्याच माणसाचं नाव, मोबाइल नंबर, प्रवासाची तारीख समोर! कारण सर्व्हरने एवढंच तपासलं की कुणीतरी लॉगिन केलेलं आहे. हे तिकीट याचंच आहे का, ते तपासलंच नाही. लॉजच्या काउंटरवर "तुम्ही आमचे पाहुणे ना? मग घ्या कुठल्याही खोलीची चावी" म्हणण्यासारखं झालं हे.

ही किरकोळ चूक नाही. ओवास्प ही संस्था वेब अ‍ॅप्समधल्या मोठ्या धोक्यांची 'टॉप टेन' यादी काढते. २०१७ च्या यादीत इंजेक्शन पहिलं होतं आणि ही परवानगी न तपासण्याची चूक पाचवी. २०२१ च्या यादीत इंजेक्शन तिसऱ्यावर घसरलं आणि परवानगीची चूक पहिल्या नंबरवर आली.

मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. इंजेक्शनपासून वाचवायचं बरंचसं काम आता फ्रेमवर्क स्वतः करतात. पण हे तिकीट कुणाचं, हा रिपोर्ट कुणी बघायचा, हे फ्रेमवर्कला कसं कळणार? ते धंद्याचे नियम आहेत, ते माणसाला समजून लिहावे लागतात. एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवा. एआयला 'तिकीट दाखवणारं पान बनव' सांगितलंत तर ते पान बनवेल. कुणाला दाखवायचं नाही, हे तुम्ही सांगितलंच नसेल तर ते गृहीत धरू नका.

मायक्रोसॉफ्टने काम थांबवलं तेव्हा

प्रशिक्षणाने फरक पडतो का? याचं गाजलेलं उदाहरण २००२ चं. २००१ मध्ये कोड रेड आणि निमडा या वर्म्सनी मायक्रोसॉफ्टची लाज काढली होती. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्सने सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. सार असं की नवीन फीचर आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. त्यानंतर विंडोजच्या टीमचं नेहमीचं काम थांबवून सुमारे ८,५०० लोकांना सुरक्षित कोडिंगचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि जुना कोड तपासायला बसवलं. पुढे २००४ मध्ये कंपनीने सुरक्षेच्या पायऱ्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्रक्रियेतच सक्तीच्या केल्या.

मग इटर्नलब्लूची चूक कशी राहिली? प्रश्न रास्त आहे. ती चूक विंडोज एक्सपीसारख्या जुन्या आवृत्तीतही होती, म्हणजे तपासणीच्या चाळणीतूनही निसटली. यातून दोन गोष्टी कळतात. प्रशिक्षण म्हणजे लस नव्हे, की एकदा टोचली आणि काम झालं. आणि जुना कोड आपोआप सुरक्षित होत नाही, तो फक्त जुना होत जातो.

मग शिकवायचं कसं?

आधी काय चालत नाही ते सांगते. वर्षातून एकदा येणारा तासाभराचा व्हिडिओ, खाली 'नेक्स्ट' बटण, शेवटी दहा प्रश्न आणि सर्टिफिकेट. तो व्हिडिओ म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये काम करणारे तुम्हीही बघितले असतील. पोहायला पुस्तकातून शिकता येत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चालतं ते असं:

एक, आधी तोडायला शिकवा. ओवास्पचे जूस शॉप आणि वेबगोट हे मुद्दाम कच्चे ठेवलेले मोफत प्रकल्प आहेत, फोडून शिकण्यासाठीच बनवलेले. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमीही मोफत आहे. तिकिटाचा आकडा बदलून दुसऱ्याची माहिती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, की तो तपास लिहायला पुन्हा विसरणं कठीण.

दोन, कोड लिहायच्या आधी चार प्रश्न. आपण काय बनवतोय? यात काय बिघडू शकतं? त्यावर काय करणार? केलं ते पुरेसं आहे का? याला थ्रेट मॉडेलिंग असं भारी नाव आहे, पण फळा आणि अर्धा तास एवढ्यात होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही करता येतं.

तीन, रिव्ह्यूत एक ठरलेला प्रश्न. टीममधल्या कुणाचाही कोड तपासताना "ही माहिती कुठून आली आणि आपण तिच्यावर विश्वास का ठेवतोय?" एवढं विचारायचं. रोज एक प्रश्न म्हणजे रोज पाच मिनिटांचं प्रशिक्षण, तेही स्वतःच्याच कोडवर.

चार, दुसऱ्याच्या कोडचाही हिशेब ठेवा. आपल्या अ‍ॅपमधला बराचसा कोड आपण लिहिलेला नसतोच, लायब्ररीतून येतो. कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, पॅच आला का, हे बघणं नव्या मुलांना पहिल्या महिन्यातच शिकवा. एम.ई.डॉकचा धडा हाच आहे: तुम्ही ज्याच्यावर विसंबता त्याची चूक तुमच्या घरात येते. आणि तुमच्यावर कुणी विसंबलं असेल, तर तुमची चूक त्याच्या घरात जाते.

पाच, चूक सापडली की माणसाला फाडू नका. ज्युनिअरने चूक दाखवली आणि सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला, तर पुढची चूक तो लपवणार. चूक कुठल्या पायरीवर अडवता आली असती, हे बोला. त्यातून सगळी टीम शिकते.

कंपनीला कसं पटवायचं?

"डेडलाइन आहे, ट्रेनिंगला वेळ कुठून आणू?" असं मॅनेजर म्हणणारच. त्यांना पैशांत सांगा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात वैयक्तिक माहिती जपण्यासाठी योग्य काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चार तासांचं ट्रेनिंग त्यापुढे स्वस्तच पडतं.

आणि एक सूचना, विशेषतः कॉलेजमधल्या मंडळींना. हे ऐकून उद्या कुठल्याही खऱ्या साइटवर लिंकचे आकडे बदलत बसू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये घुसणं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सराव स्वतःच्या मशीनवर किंवा सरावासाठीच बनवलेल्या साइटवर. चुकून काही दिसलंच, तर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही. त्या कंपनीला किंवा सर्ट-इनला कळवायचं.

या आठवड्याचं काम

तुमचा एखादा जुना प्रोजेक्ट उघडा. कॉलेजचा असला तरी चालेल. त्यात जिथे जिथे बाहेरून माहिती येते, म्हणजे फॉर्म, लिंक, फाईल, एपीआय, अशा जागांची कागदावर यादी करा. प्रत्येकीसमोर लिहा, 'इथे मुद्दाम खोटं दिलं तर काय होईल?' उत्तर माहीत नसेल तर करून बघा. मित्राला बसवा आणि सांगा, "हे फोडून दाखव, चहा माझ्याकडून."

यादी झाली की कमेंटमध्ये सांगा, किती दारं सापडली आणि किती उघडी होती. पुढच्या भागात पासवर्ड कसे साठवायचे आणि कसे अजिबात साठवायचे नाहीत, त्यावर बोलू. तोपर्यंत कोड लिहा, आणि लिहिलेला कोड स्वतःच फोडून बघा. भेटू!